आधी खरवड, मग रंग

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अब्बा रत्नागिरीहून आमच्याकडे बर्मिंगहॅमला आले. अम्मींच्या इंतकालाला तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. ब्रिटनमध्ये भेटीच्या व्हिसावर एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. पहिला आठवडा पाहुणचारात आणि नातवंडांच्या लाडात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून मी आणि माझी पत्नी कामावर, मुले शाळेत आणि अब्बा खिडकीपाशी, असा दिनक्रम सुरू झाला. संध्याकाळी मी घरी आलो की ते विचारत, "काही काम असेल तर सांग." मी म्हणे, "अब्बा, आता आराम करा." छत्तीस वर्षे जहाजावर काढलेल्या, खलाशी म्हणून लागून सारंग होऊन निवृत्त झालेल्या माणसाला दिवसभर आराम करायला सांगणे ही एक प्रकारची शिक्षाच असते, हे मला उशिरा कळले.

काम मात्र खिडकीबाहेरच उभे होते. आमचे जुने मोटारहोम.

फिरते घर कशासाठी?

मोटारहोम म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर बांधलेले छोटेसे घर. आत झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि चिमुकले न्हाणीघर असते. इथे पुष्कळ कुटुंबे सुट्टीत असे घर घेऊन वेल्स किंवा स्कॉटलंडला जातात. आमच्यासारख्यांना त्याचा आणखी एक फायदा होतो. लहान गावात हलाल जेवण मिळेल का, ही चिंता उरत नाही. भात-कालवण स्वतःच्या शेगडीवर होते. वजूला पाणी असते आणि नमाजाची वेळ झाली की गाडी बाजूला लावून चटई अंथरता येते. तीन मुलांसह हॉटेलात राहणे परवडत नव्हते, म्हणून आम्ही 2001 सालचे एक मोटारहोम 9,500 पौंडांना विकत घेतले.

घेताना ते आरशासारखे चमकत होते. विकणाऱ्याने सांगितले, "फार जपून वापरलंय." आम्ही ऑक्टोबरमध्ये ते घरी आणले आणि हिवाळाभर उभे ठेवले. मार्चमध्ये पुढच्या कपाळावर, म्हणजे चालकाच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागावर, पिवळसर पापुद्रे सुटू लागले. उन्हाने सोललेल्या कातडीसारखे ते दिसत होते. पापुद्रा नखाने ओढला की खाली खडूसारखी पांढरी भुकटी. बोट फिरवले तर बोट पांढरे.

एका कारागिराने पूर्ण गाडी घासून चमकवण्याचे 1,100 पौंड सांगितले. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. मी गाडीवर कापड टाकले आणि विषय तिथेच ठेवला.

एका रविवारी अब्बांनी ते कापड उचलले. तळवा भिंतीवरून फिरवला, भुकटी पाहिली, पापुद्रा सोलला आणि म्हणाले, "याला कुणीतरी न घासताच वरून काहीतरी फासलंय. जहाजावर असं केलं असतं तर सारंगाने कान धरला असता. आधी खरवड, मग रंग."

फायबर फिके का पडते?

ज्याला आपण 'फायबर' म्हणतो ते काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे बनलेले असते. साचा आतून गुळगुळीत केलेला असतो. त्यात सर्वांत आधी रंग मिसळलेल्या रेझिनचा एक थर देतात आणि त्यावर तंतूंचे थर चढवतात. साच्यातून वस्तू बाहेर काढली की तो पहिला थर बाहेरची बाजू होतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. मूळची चमक या जेलकोटचीच असते, वरून लावलेल्या वार्निशाची नव्हे.

उन्हातील अतिनील किरण या थराच्या पृष्ठभागावरील रेझिन हळूहळू मोडतात. रेझिन गेले की रंगाची मोकळी भुकटी आणि असंख्य सूक्ष्म खड्डे उरतात. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, म्हणून तो चमकतो. खडबडीत पृष्ठभाग तोच प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून तो पांढुरका आणि निस्तेज दिसतो. वरची मेलेली भुकटी काढली की खाली बहुधा चांगला जेलकोट सापडतो. फक्त तो अर्धाच मिलिमीटर आहे, हे विसरायचे नाही. दर वर्षी कचकचून घासले, तर एक दिवस थरच संपतो.

आमच्या विक्रेत्याने भुकटी न काढता तिच्यावर फरशीचे ॲक्रेलिक पॉलिश फासले होते. ते पातळ पॉलिश खड्ड्यांत भरते आणि वर काचेसारखा पडदा तयार होतो. तासाभरात गाडी नवी दिसते. पण पडदा गाडीला नव्हे, भुकटीला चिकटलेला असतो. एका हिवाळ्यात भुकटी सुटली आणि तिच्याबरोबर पडदाही.

पहिली ओळख : भिंत कशाची?

घासायला घेण्याआधी अब्बांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ठिकठिकाणी बोटांनी टकटक केली. पुढचा आणि मागचा भाग फायबरचा निघाला, दोन्ही बाजू रंग दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या. ब्रिटनमधील त्या काळच्या बऱ्याच मोटारहोममध्ये अशीच बांधणी असते. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे ओळख आवाजावरून आणि स्पर्शावरून करावी लागते. पत्रा हाताला गार लागतो आणि त्याचा आवाज पातळ येतो.

ही ओळख महत्त्वाची, कारण पत्र्यावरचा रंग जेलकोटपेक्षा खूपच पातळ असतो. जेलकोटला चालणारा सँडपेपर तिथे लावला, तर रंग उडून उघडा पत्रा दिसेल.

दुसरी चाचणी अगदी सोपी आहे. फिक्या जागेवर पाणी मारायचे. ओले असताना रंग गडद आणि तुकतुकीत दिसला, तर जागेत जीव शिल्लक आहे आणि घासून चमक परत येईल. ओले असतानाही ती मळकट दिसली किंवा तंतूंची जाळी दिसू लागली, तर थर संपला आहे. तिथे नवा रंग हाच उपाय.

धुणे आणि जुने पॉलिश काढणे

पहिल्या शनिवारी फक्त धुणे झाले. उत्तरेकडच्या बाजूला शेवाळ होते, खिडक्यांच्या कडांखाली काळे ओघळ होते. लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि गाडीचा शाम्पू, एवढ्यावर काम झाले. जोराच्या पाण्याचे यंत्र शेजाऱ्याने देऊ केले होते, पण आम्ही ते घेतले नाही. त्याचा झोत सांध्यांत, खिडक्यांच्या रबरात आणि फ्रिजच्या जाळीत पाणी घुसवतो.

नंतर जुना पडदा काढायचा होता. फरशीचे पॉलिश उतरवण्याचे अमोनियायुक्त द्रावण मिळते. ते बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पाणी मिसळून लावायचे, काही मिनिटे ठेवायचे, वाळू न देता मऊ पॅडने चोळायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोटारहोमच्या खिडक्या बहुधा काचेच्या नसून ॲक्रेलिकच्या असतात. अमोनियाने त्यांवर बारीक भेगांचे जाळे पडू शकते, म्हणून त्या प्लास्टिकने झाकून टेपने बंद कराव्यात. हातमोजे घालावेत. आणि अमोनियाच्या जवळपास ब्लीच आणू नये, कारण दोन्ही मिसळले की विषारी वायू तयार होतो.

दोन दिवसांनी गाडी पहिल्यापेक्षाही वाईट दिसू लागली. पांढुरकी, ठिगळ-ठिगळ झालेली. माझी पत्नी दारात येऊन म्हणाली, "होतं ते बरं होतं." अब्बा हसले. "बेटी, खरी गाडी आत्ता दिसतेय."

चमकेखाली काय होते?

पडदा गेल्यावर मागच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या दिव्याखाली, सांधा भरलेल्या मसाल्यात एक भेग दिसली. पॉलिश तिच्यावरूनही फिरवलेले होते. अब्बा आत गेले आणि त्याच जागी भिंतीवर अंगठा दाबला. "इथे लाकूड मऊ लागतंय."

ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जुन्या मोटारहोमच्या भिंतीत बाहेर पत्रा किंवा फायबर, मध्ये लाकडी चौकट आणि थर्माकोलसारखा थर, आणि आत प्लायवूड असते. सांध्यातून थेंब-थेंब पाणी शिरले की लाकूड आतल्या आत कुजते. बाहेरून काही दिसत नाही. फिका रंग डोळ्यांना खुपतो, पण गाडीचा जीव घेते ते हे पाणी.

आम्ही दिवा उतरवला, आतले प्लाय थोडे कापले आणि हवा कोरडी करणारे यंत्र तीन आठवडे आत चालू ठेवले. कुजलेला भाग नशिबाने वीतभरच होता. तेवढी लाकडी पट्टी बदलली. सांध्यात कधीच पूर्ण कडक न होणाऱ्या ब्युटाइल मसाल्याची पट्टी घालून दिवा पुन्हा बसवला. आणखी एक हिवाळा तसाच गेला असता, तर सगळा कोपरा बदलावा लागला असता. म्हणून वाचकांना सांगतो : जुने वाहन असो वा घर, रंगाआधी सांधे पाहा.

घासणे : काम कमी, धीर जास्त

आता खरे काम. आमच्यात पहिला वाद शिडीवरून झाला. अब्बा म्हणाले, "मी बोटीच्या शेंड्यावर चढून रंग दिलाय." मी म्हणालो, "अब्बा, तेव्हा तुमचं वय पंचवीस होतं, आज एकाहत्तर आहे." शेवटी मुलीने निकाल दिला. वरचा भाग मी रुंद फळीच्या घोडीवर उभे राहून करायचा, खालचा भाग दादा स्टुलावर बसून करतील.

घासण्यासाठी रबिंग कंपाउंड वापरतात. लेपासारख्या या मसाल्यात अतिशय बारीक कण असतात. आधी मध्यम, मग बारीक, असा क्रम ठेवायचा. हाताने एवढी मोठी गाडी होत नाही. आम्ही एक जुने पॉलिशिंग यंत्र घेतले. नवशिक्याने फक्त गोल फिरणारे जोरकस यंत्र टाळावे. फिरता-फिरता डगमगणारे, दुहेरी गतीचे यंत्र घ्यावे. त्याला वेळ जास्त लागतो, पण पृष्ठभाग जळण्याचा धोका फार कमी असतो.

आमची पद्धत अशी होती. गाडी सावलीत आणि पत्रा गार असतानाच काम करायचे. काळ्या रबरी पट्ट्या आणि कडा टेपने झाकायच्या. एका वेळी दोन फूट लांब-रुंद एवढाच चौकोन घ्यायचा. पॅडवर कंपाउंडचे चार-पाच थेंब, यंत्र आधी हळू, मग मध्यम वेगाने, आधी आडवे मग उभे. पुसायचे, बघायचे, गरज असेल तरच पुन्हा करायचे. पॅड भुकटीने भरले की धुवायचे. नाहीतर मेलेला थर परत गाडीवरच चोळला जातो.

कपाळाचा भाग ऊन सर्वांत जास्त खातो. तिथे नुसते कंपाउंड पुरले नाही. पाण्यात भिजवलेला सँडपेपर वापरावा लागला. आधी 1000 नंबरचा, मग 1500, मग 2000 आणि शेवटी कंपाउंड. पाणी सतत वाहते ठेवले की भुकटी उडत नाही. तरीही आम्ही मास्क लावत होतो.

माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, उरकण्याच्या घाईत, मी यंत्र एका कोपऱ्यावर जरा जास्त वेळ धरले. कडेला थर मुळातच पातळ असतो. बघता-बघता नाण्याएवढा तपकिरी डाग उघडा पडला. अब्बा काही बोलले नाहीत. यंत्राचा खटका बंद केला आणि म्हणाले, "नमाज पढून घे. उरलेलं उद्या." तो डाग नंतर रंग जुळवलेल्या जेलकोटच्या लांबीने भरला. माहीत असणाऱ्याला तो आजही दिसतो.

पाच आठवडे, प्रत्येक शनिवार-रविवार. शिवाय मधल्या दिवसांत अब्बा एकटेच खालचे चौकोन करत. मी कामावरून आलो की काम मागण्याऐवजी ते आता हिशेब देत : "आज तीन झाले." शेजारचे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ रोज कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. अब्बांचे इंग्रजी जहाजावरचे, त्यांचे बोलणे बर्मिंगहॅमचे. तरी दोघांची गप्पांची बैठक चहा संपेपर्यंत चाले.

जुन्या पट्ट्या आणि शेवटचा लेप

बाजूच्या निळ्या चिकटपट्ट्या तडकलेल्या होत्या. केस वाळवण्याच्या यंत्राने त्या कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने सोलल्या. खाली ऊन न लागलेल्या रंगाची स्पष्ट सावली उमटलेली होती. घासून ती पुसट झाली, पूर्ण गेली नाही. म्हणून नव्या पट्ट्या त्याच जागी, किंचित रुंद घेऊन लावल्या. रंग मुलीने निवडला, हिरवा.

घासून आणलेली चमक उघडी ठेवली, तर ऊन ती पुन्हा खाते. त्यावर संरक्षण हवे. कार्नोबा मेण सुंदर दिसते पण काही महिनेच टिकते. पॉलिमरचे संरक्षक पॉलिश त्यापेक्षा जास्त टिकते. आम्ही तेच लावले. वर्षातून दोनदा, हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यानंतर ते लावले, तर पुन्हा कंपाउंड घासण्याची वेळ लवकर येत नाही.

फरशीचे पॉलिश वाईटच का?

असे नाही. अमेरिकेत जुन्या मोटारहोमचे अनेक मालक ते समजून-उमजून वापरतात, आणि ज्यांच्याकडे यंत्र किंवा ताकद नाही त्यांच्यासाठी तो खरोखर स्वस्त मार्ग आहे. अट एकच. आधी धुवून आणि घासून भुकटी पूर्ण काढायची. काळे कापड फिरवल्यावर ते पांढरे होता कामा नये. मग मऊ कापडाने अगदी पातळ चार-सहा थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. पुढे दर वर्षी एक-दोन थर द्यावे लागतात आणि पिवळेपणा दिसला की सगळे उतरवून पुन्हा लावावे लागते. गाडी विकायची असेल, तर घेणाऱ्याला ते सांगितले पाहिजे. दोष पॉलिशचा नव्हता. खालची भेग झाकून 'जपून वापरलंय' म्हणण्याचा होता.

हिशेब

जुने यंत्र 35 पौंड, पॅड 18, दोन प्रकारचे कंपाउंड 27, पॉलिश उतरवण्याचे द्रावण 9, टेप, कापड आणि सँडपेपर 14, संरक्षक पॉलिश 16, ब्युटाइल आणि लाकडी पट्टी 12, नव्या चिकटपट्ट्या 22. एकूण 153 पौंड. हवा कोरडी करणारे यंत्र मित्राचे, आणि मेहनत घरची.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनेही कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तरी आपल्याकडे अशी घरे अजून मोजकीच. पण फायबर घरोघरी आहे. कोकणातल्या मासेमारीच्या फायबर होडीवरही हाच जेलकोट असतो आणि आपले ऊन इथल्यापेक्षा कितीतरी कडक. होडीचा रंग भुकटी सोडू लागला, तर वरून डबा ओतण्याआधी पाणी मारून पाहा, सांधे तपासा, मग घासा.

परतीचा प्रवास

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे वेल्सच्या किनाऱ्यावर गेलो. अब्बांनी समुद्राकडे तोंड करून खुर्ची टाकली आणि नातवाला भरती-ओहोटी समजावून सांगितली. अम्मींच्या जाण्यानंतर त्यांना इतके बोलताना मी प्रथमच पाहिले. गाडीवर कुणी हात फिरवला की ते हळूच तळवा बघत. पांढरा होत नव्हता.

परत आल्यावर एका ओळखीच्याने चांगली किंमत देऊ केली. आम्ही विकली नाही. पुढेमागे विकू तेव्हा अब्बांची वही सोबत देऊ. त्यात कुजलेल्या कोपऱ्याचा, माझ्या नाण्याएवढ्या डागाचा आणि बदललेल्या पट्टीचा तारीखवार तपशील आहे. जहाजावर अशी नोंदवही ठेवायची त्यांची सवय होती.

सप्टेंबरच्या शेवटी अब्बा रत्नागिरीला परतले. आता दर जुम्म्याला फोन येतो. तब्येत, मुलांचा अभ्यास, गावच्या खबरा झाल्या की शेवटचा प्रश्न ठरलेला असतो : "हिवाळ्याआधीचं पॉलिश लावलंस का? आणि मागचा कोपरा दाबून बघितलास?" मी हो म्हणतो. आणि फोन ठेवून, खरेच, अंगठ्याने दाबून बघून येतो.